आठ महिन्यांत तीन बेल्ट: जांबोटीकडच्या एका डिझेल गाडीचं प्रकरण

२०२४ च्या श्रावणातली गोष्ट. बेळगावात पाऊस उघडझाप करत होता, पण जांबोटी-कणकुंबीकडे संततधार लागली होती. संध्याकाळी सातच्या सुमाराला गोव्याहून चोर्ला घाट चढून आलेली एक सात सीटची डिझेल गाडी कणकुंबीच्या अलीकडे थांबवावी लागली. आत एक कुटुंब होतं, आईच्या मांडीवर दीड वर्षाचं मूल. आधी डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला, पाठोपाठ स्टिअरिंग जड झालं. चालक अनुभवी होता. तापमानाचा काटा चढायच्या आत त्याने गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. बॉनेट उघडलं तर बेल्ट पुल्यांवर नव्हताच, खालच्या गार्डवर पडला होता. मोबाईलला रेंज नव्हती. मागून आलेल्या भाजीच्या रिकाम्या टेम्पोने त्या माणसांना जांबोटीपर्यंत आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी टोचन करून माझ्या गॅरेजमध्ये आली. मालक आणि चालक एकच, साठीकडे झुकलेले. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. उतरल्या उतरल्या म्हणाले, "मिस्त्री, आठ महिन्यांत हा तिसरा बेल्ट. बेल्ट बदला म्हणून आलो नाही मी. हे का होतंय ते सांगा. पोरंबाळं घेऊन घाटात थांबायची पाळी परत नको मला."

त्यांचं म्हणणं रास्त होतं. तीन बेल्ट गेले म्हणजे तीनदा बेल्टच खराब निघाला असं होत नाही. बेल्टला खाणारं दुसरंच काहीतरी त्या गाडीत होतं. ते शोधायला मला दीड दिवस लागला आणि त्यातला अर्धा दिवस माझ्या चुकीत गेला. ती चूक कुठे झाली हेही पुढे लिहितो, कारण माझ्या आधी ज्यांनी गाडी बघितली त्यांचीही बहुधा तीच झाली असावी.

गाडी आणि तिचा आधीचा इतिहास

गाडी २०१४ ची, धाव १ लाख ८६ हजार किलोमीटर. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन. समोर एकच सहा रिबचा, म्हणजे आतून लांबीभर सहा उंच पट्ट्या असलेला, लांब बेल्ट. तोच अल्टरनेटर फिरवतो, तोच पाण्याचा पंप, तोच पॉवर स्टिअरिंगचा पंप आणि तोच एसीचा कॉम्प्रेसर. बेल्टला नुसती वाट देणारी एक आयडलर पुली आणि बेल्ट ताणून धरणारा, स्प्रिंगच्या हाताचा एक ऑटो टेन्शनर. जुन्या गाड्यांना दोन-तीन वेगवेगळे बेल्ट असायचे, एक तुटला तरी बाकीचं काम चालायचं. इथे एक गेला की सगळं गेलं. घाटात बॅटरीचा दिवा लागला की "चार्जिंगचं काहीतरी असेल, घरी जाऊन बघू" म्हणून गाडी रेटणारे लोक मी पाहिलेत. पाण्याचा पंप त्याच बेल्टवर असेल तर चढावर इंजिन तापून काही मिनिटांत हेडचं गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालचं पॅकिंग, जातं. काही डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीला असतो. तिथे बेल्ट गेला की दोन-तीन दाबांनंतर ब्रेकसुद्धा दगडासारखा लागतो. मामांच्या गाडीत तो पंप हेडच्या टोकाला होता, एवढं नशीब.

इतिहास असा. पहिला बेल्ट डिसेंबरमध्ये बदलला. तो जुनाच झाला होता, त्यात वावगं काही नाही. मार्चच्या शेवटी नव्या बेल्टची कड उसवली, आवाज सुरू झाला. दुसऱ्या गॅरेजमध्ये बेल्ट आणि टेन्शनर दोन्ही बदलले, कारण टेन्शनरचा हात थरथरत होता. महिना-दीड महिना बरा गेला. मग पुन्हा चिरचिर. कुणीतरी बेल्टवर मारायचा स्प्रे मारून दिला. त्याने चार दिवस आवाज थांबला आणि पाचव्या दिवशी दुप्पट जोरात सुरू झाला. जूनमध्ये पुन्हा नवा बेल्ट घातला, तो ऑगस्टमध्ये कणकुंबीला उतरला.

त्या स्प्रेबद्दल इथेच सांगून टाकतो. रिबच्या बेल्टला स्प्रे, साबण, मेण, राळ काही म्हणजे काही लावू नये. त्याने रबर मऊ पडतं आणि चिकट झालेल्या खाचांत आपल्याकडची तांबडी धूळ लेपासारखी बसते. मामांच्या गाडीच्या अल्टरनेटर पुलीच्या खाचा नखाने खरवडल्या तर विटेच्या भुकटीसारखा लगदा निघाला.

आवाजाला नाव द्या

गिऱ्हाईक आलं की मी पहिल्यांदा विचारतो, आवाज कसा येतोय ते तोंडाने करून दाखवा. आमच्या भागातल्या गॅरेजची भाषा चार भाषांची मिसळ आहे. पाने-सॉकेट इंग्रजी, शिव्या हिंदी, हिशोब कधी कन्नडमध्ये तर कधी मराठीत. पण आवाजाचे शब्द मात्र मराठी आणि ते फार नेमके आहेत. बेल्ट "किंचाळतो" असं कुणी म्हणालं तर तो लांब, एकसलग आवाज असतो: गाडी चालू करताना, एसी लावल्यावर, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर. म्हणजे बेल्ट पुलीवर घसरतोय, ताण कमी आहे किंवा एखादी पुली जाम होतेय. "चिरचिर" म्हणजे तुटक, तालात येणारा, चिमणीच्या पिलासारखा आवाज. तो बेल्ट पुलीत तिरका शिरतोय याची खूण. "घरघर" आली तर बेअरिंगमधलं ग्रीस संपलंय. "सळसळ" ही त्याच दुखण्याची पहिली पायरी. "खडखड" असेल तर टेन्शनरचा हात टोकाला आपटतोय का, अल्टरनेटरची एकेरी (एकाच दिशेला धरणारी) पुली गेलीय का, ते बघायचं.

मामा म्हणाले, "सकाळी चालू केलं की चिरचिर करालंय. पाऊस लागला की गप्प बसतंय, जरा वेळानं परत सुरू. एसी लावा नाहीतर नका लावू, फरक काय पडत नाही बघा."

त्या तीन वाक्यांत अर्धं निदान होतं. ताण कमी असता तर एसी लावल्यावर आवाज वाढला असता. पाण्याने गप्प बसतो आणि वाळल्यावर परत येतो ही तिरकेपणाची खूण.

खात्रीसाठी मी पाण्याची चाचणी घेतली. तो उतरलेला बेल्ट फाटला नव्हता, म्हणून तेवढ्यापुरता परत चढवला. इंजिन आयडलवर (रेस न देता नुसतं चालू) ठेवून फवाऱ्याच्या बाटलीने बेल्टच्या रिबच्या बाजूला थोडं पाणी मारायचं, हात आणि बाह्या लांब ठेवून. आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय, म्हणजे ताणाचा दोष. आवाज काही सेकंद थांबून परत आला तर पुल्या एका ओळीत नाहीत. इथे आवाज थांबला. मी मनात आकडे मोजत होतो, आठपर्यंत आलो आणि चिरचिर परत सुरू झाली.

जुने बेल्ट काय सांगत होते

मामांनी आधीचे दोन्ही बेल्ट डिकीत ठेवले होते, अडीअडचणीला उपयोगी पडतील म्हणून. मला फार आनंद झाला. बहुतेक गॅरेजमध्ये जुना बेल्ट भंगाराच्या ढिगात जातो आणि त्याच्याबरोबर सगळा पुरावाही जातो. मी तिन्ही बेल्ट टेबलावर शेजारी शेजारी उलटे पसरले, रिब वर करून.

तिन्हींची इंजिनाकडची कड खाल्लेली होती, बाहेरची कड शाबूत. मार्चमधल्या बेल्टच्या त्या कडेतून दोरे बाहेर आले होते, जुन्या गोधडीच्या काठासारखे. रिबची एक बाजू काचेसारखी चकचकीत, दुसरी मळकट काळी. याचा अर्थ प्रत्येक रिब खाचेच्या एकाच भिंतीला घासत होती. आणि शेवटच्या बेल्टवर आणखी एक गोष्ट होती: इंजिनाकडची पहिली रिब बोटाने दाबली तर इतरांपेक्षा मऊ लागली आणि थोडी फुगलेली. वास घेतला. ऑईल.

लोक बेल्टवर चिरा शोधतात. जुन्या रबराच्या बेल्टना तीच सवय बरोबर होती. हल्लीचे बहुतेक बेल्ट ईपीडीएम नावाच्या वेगळ्या रबराचे असतात. त्यांना सहसा चिरा पडत नाहीत, ते टायरसारखे झिजतात. खाच खोल होत जाते आणि बेल्ट पुलीत खाली बसतो. वरून काळाभोर, नवाकोरा दिसणारा बेल्ट संपलेला असू शकतो. म्हणून चिरा नाहीत म्हणजे बेल्ट ठीक, हा हिशोब आता सोडून द्यायला हवा.

माझी चूक

तिरकेपणा आहे हे ठरलं. मग कुठली पुली ओळीत नाही ते बघायचं. मी लोखंडी सरळपट्टी घेतली, क्रँक पुलीच्या (इंजिनच्या मुख्य दांड्यावरची, बेल्ट फिरवणारी खालची पुली) तोंडावर टेकवली आणि पॉवर स्टिअरिंगच्या पुलीपर्यंत नेली. पट्टी दोन्हीकडे नीट बसली. अल्टरनेटरकडे नेली, तिथेही अंतर दिसलं नाही. म्हटलं, थांबून तर सगळं सरळ आहे. म्हणजे फिरताना काहीतरी हलत असणार, एखादं बेअरिंग.

बेल्ट काढून एकेक पुली हाताने फिरवली. आयडलर मऊ, बिनआवाजी. पाण्याच्या पंपाला खेळ (ढिलेपणा) नाही, गळती नाही. स्टिअरिंग पंप ठीक. कॉम्प्रेसरची पुली ठीक. अल्टरनेटर फिरवताना लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्याच्या अंगाला आणि मूठ कानाच्या हाडाला लावली तर आतून बारीक सळसळ आली. झालं, मला चोर सापडला असं वाटलं. अल्टरनेटर उतरवला, ऑटो इलेक्ट्रिशियनकडे पाठवला. त्याने बाकावर फिरवून बघितला. मागच्या बेअरिंगला वय झालंय, पण खेळ नाही, पुली सरळ आहे, एकेरी पुली एका बाजूला धरते आणि दुसऱ्या बाजूला सुटते, चार्जिंग चांगलं आहे. दुपार झाली. अल्टरनेटर परत बसवला, गाडी चालू केली आणि चिरचिर जशीच्या तशी.

त्या अर्ध्या दिवसाची मजुरी मी मामांच्या बिलात लावली नाही.

सायकलचं वाकडं चाक

खरं कारण माझ्याकडे शिकणाऱ्या पोराने पकडलं. त्याने बाजूला उभं राहून मोबाईलवर संथ गतीचा व्हिडिओ काढला आणि म्हणाला, "अण्णा, ही खालची पुली बघा की. मधलं एक चालतंय, बाहेरचं एक चालतंय."

व्हिडिओ बघितला. क्रँक पुलीचा मधला भाग एका जागी स्थिर फिरत होता. त्याच्याभोवतीचं खाचांचं कडं मात्र वाकड्या रिमच्या सायकलच्या चाकासारखं आत-बाहेर डुलत होतं.

क्रँक पुली दिसते एका लोखंडाची, पण बहुतेक गाड्यांत ती दोन तुकड्यांची असते. मधे क्रँकला घट्ट बसणारा हब, बाहेर खाचा पाडलेलं जड कडं आणि दोघांच्या मधे रबराची पट्टी. हे रबर शोभेला नसतं. चार सिलिंडरचं इंजिन आयडलला मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर त्या मिनिटात १६०० वेळा एखाद्या सिलिंडरमध्ये डिझेल पेटतं, म्हणजे सेकंदाला २६-२७ हिसके. प्रत्येक हिसक्याला क्रँकशाफ्ट अगदी किंचित पिळला जातो आणि सुटतो. ते पिळणं जिरवायचं काम बाहेरचं जड कडं आणि मधलं रबर मिळून करतात.

मामांच्या गाडीत ते रबर सुटलं होतं. कडं हबवरून इंजिनाच्या बाजूला मागे सरकलं होतं. आणि माझी सरळपट्टी टेकली होती ती हबच्या तोंडावर! हब कुठे जाणार? तो बोल्टने क्रँकला बांधलेला. बेल्ट हबवर चालत नाही, कड्यातल्या खाचांवर चालतो. पट्टी खाचांच्या कडेला टेकवायला हवी होती. या वेळी तशी टेकवली. क्रँकचं कडं स्टिअरिंगच्या पुलीपेक्षा २ मिलिमीटरहून जरा जास्तच मागे होतं. सहा रिबच्या बेल्टमध्ये दोन रिबमधलं अंतर ३.५६ मिलिमीटर असतं. म्हणजे बेल्ट अर्ध्या रिबपेक्षा जास्त तिरका शिरत होता, दर फेरीला, प्रत्येक किलोमीटरला.

मामांना पटावं आणि मलाही शंका राहू नये म्हणून एक साधी गोष्ट केली. पुली कपड्याने पुसली आणि हबपासून रबरावरून कड्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली. रंग वाळू दिला. गाडी चालू केली, एसी लावला, दिवे लावले, स्टिअरिंग दोन्हीकडे वळवून भार दिला. दहा मिनिटांनी इंजिन बंद करून मामांना खाली वाकून बघायला सांगितलं. हबवरची रेघ आणि कड्यावरची रेघ यांच्यात चांगलं दोन बोटं अंतर पडलं होतं. म्हणजे कडं नुसतं मागे सरकलं नव्हतं, हबवर घसरतही होतं.

मामा बराच वेळ उकिडवे बसून त्या रेघेकडे बघत राहिले. "म्हणजे टेन्शनरचं पण काय चुकलं नव्हतं," एवढंच म्हणाले.

खरंच नव्हतं. टेन्शनरचा हात थरथरत होता कारण क्रँकचे हिसके न जिरता थेट बेल्टमध्ये येत होते. थरथरणारा हात दिसला म्हणून टेन्शनर बदलला गेला. मार्चमध्ये नवा बसवलेला तो टेन्शनर मी तपासला: स्प्रिंग एकसारखी येत-जात होती, बुशला खेळ नव्हता, ताण दाखवणारी खूण हद्दीत होती. तो बदलला नाही.

रबर का सुटलं

इथे थांबलो असतो तर पुली बदलून गाडी गेली असती आणि दोन-तीन वर्षांत तेच परत झालं असतं. एवढ्या धावेनंतर, दहा वर्षांच्या उष्णतेनंतर रबराचं वय झालं होतं हे खरं. पण त्या मऊ, फुगलेल्या रिबला ऑईलचा वास होता, त्याचा उलगडा व्हायचा होता.

पुलीमागचं कव्हर ओलं होतं आणि त्यावर तांबड्या मातीची जाड साय बसली होती. ती धुऊन, वाळवून, वर टाल्कम पावडर मारून इंजिन पंधरा मिनिटं चालवलं. पावडरीवर क्रँकच्या पुढच्या ऑईल सीलखाली (आतलं ऑईल अडवणारी रबरी कडी) तपकिरी ओघळ उमटला. ऑईल तिथून थेंब-थेंब कड्याच्या मागच्या बाजूला आणि रबरावर जात होतं. फिरत्या पुलीने तेच ऑईल बेल्टच्या पहिल्या रिबपर्यंत उडवलं होतं.

सील तरी का गळत होतं? इंजिन चालू ठेवून ऑईल भरायचं झाकण सैल करून उलटं ठेवलं. ते जागेवर नाचायला लागलं. इंजिनच्या पोटात हवेचा दाब साठत होता. हे दिसलं की पुष्कळ जण पिस्टनच्या रिंगा गेल्या म्हणून इंजिन उतरवायला सांगतात आणि मालकाच्या पोटात गोळा येतो. आधी ब्रीदरची नळी, म्हणजे पोटातला दाब बाहेर काढणारी नळी, सोडून बघावी. मी सोडली आणि झाकण शांत झालं. नळी वाकवून उजेडात धरली तर पलीकडचं काही दिसेना. आत ऑईल आणि पाण्याच्या वाफेचा लोण्यासारखा पिवळट थर, शिवाय एका ठिकाणी क्लिपच्या खाली ती चेपलेली. दाब बाहेर पडायची वाटच बंद, म्हणून तो सर्वांत मऊ जागेतून, सीलच्या ओठातून, बाहेर पडत होता.

सगळी साखळी अशी: चेपलेली नळी, तिच्यामुळे दाब, दाबामुळे सील गळकं, गळतीने रबर सुटलं, रबर सुटून कडं मागे आलं, आणि त्या कड्याने तीन बेल्ट खाल्ले.

दुरुस्ती

नवी क्रँक पुली लगेच मिळत नव्हती, दोन दिवस लागणार होते. मामांना घाई होती, गणपतीच्या आधी भाड्यांची गर्दी. त्यांना कुणीतरी सांगितलं, उद्यमबागेत नेऊन कडं हबला वेल्ड करून घ्या, लेथवर सरळ करून देतील, काम तासाभराचं. उद्यमबागेतल्या लेथवाल्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. फाउंड्री आणि मशीन शॉपच्या त्या वसाहतीत आणून दाखवा तो भाग हुबेहूब बनवून देणारे हात आहेत. म्हणून मी नाही म्हणण्यापेक्षा पुली घेऊन तिथल्याच एका जुन्या कारागिराकडे मामांना नेलं. त्याने पुली हातात फिरवली, रबरावर अंगठा दाबला आणि मान हलवली. "बेडा री (नको हो). हे वेल्ड करायचं काम नाही. गाडी आज जाईल, पण क्रँक मोडला तर माझ्या नावाने ओरडाल." वेल्ड केलेली पुली सरळ फिरते, बेल्टही नीट चालतो, पण हिसके जिरवणारं कुणी राहत नाही. त्याने पुलीचा बोल्ट सैल होतो, टायमिंगच्या भागांना मार बसतो, आणि शेवटी क्रँकशाफ्टलाही तडा जाऊ शकतो. मामा दोन दिवस थांबायला तयार झाले.

पुली काढताना एक गोष्ट आधी पाहिली, आणि ती प्रत्येकाने पाहावी. काही इंजिनांत क्रँकच्या टायमिंग स्प्रॉकेटला (व्हॉल्वची वेळ सांभाळणारं दातेरी चाक) चावी, म्हणजे ते फिरू न देणारी लोखंडी खुंटी, नसते, निव्वळ पुलीच्या बोल्टच्या दाबाने ते जागेवर राहतं. तिथे टायमिंग लॉक न करता बोल्ट सोडला तर व्हॉल्व आणि पिस्टन एकमेकांना भिडू शकतात. त्या इंजिनाचं कंपनीचं पुस्तक वाचल्याशिवाय क्रँकच्या बोल्टला पाना लावू नये. मामांच्या इंजिनाला चावी होती.

बॅटरीची निगेटिव्ह काढली. बेल्टचा मार्ग कागदावर काढून ठेवला, फोटोही काढला. टेन्शनर दाबून त्याला पिन लावली. पुली पुलरने काढली. रबर असलेल्या पुलीला हातोडा किंवा कड्याला टॉमी लावून ओढू नये. जुन्या सीलचा ओठ नखासारखा कडक झाला होता. या इंजिनात सील पुलीच्याच नळकांड्यावर फिरतं आणि जुन्या पुलीवर त्याने नख अडकेल एवढी वर्तुळाकार खाच पाडली होती. नवी पुली आली तेव्हा तो गुळगुळीत भागही नवा मिळाला. नवं सील ओठाला ऑईल लावून, सपाट तुकड्याने सगळीकडून सारखं ठोकून कव्हरच्या पातळीला बसवलं.

बोल्ट नवा. हे बोल्ट घट्ट करताना ताणले जातात, म्हणून जुना परत वापरायचा नसतो. हवेच्या गनने न आवळता टॉर्क पान्याने पुस्तकातल्या आकड्यापर्यंत आणि मग सांगितलेल्या अंशात फिरवून आवळला. ब्रीदरची नळी नवी, क्लिप नवीन जागी. बाकी सगळ्या पुल्यांच्या खाचा नायलॉनच्या ब्रशने आणि ब्रेक क्लीनरने धुतल्या. त्या लगद्यावर नवा बेल्ट घातला असता तर महिन्यात पुन्हा आवाज आला असता.

बेल्ट घातल्यावर गाडी लगेच चालू केली नाही. प्रत्येक पुलीवर बोट फिरवून सहाच्या सहा रिब खाचांत आहेत का बघितलं. एक रिब बाहेर राहिली तरी कड उसवते, आणि हे वरून वाकून बघितल्यावर दिसत नाही, बोटालाच कळतं. मग क्रँक पान्याने हाताने दोन फेरे फिरवला, पुन्हा बोट. मग स्टार्टर.

नंतर

नव्या पुलीवरही पांढरी रेघ ओढली. आयडलला शांत. पाणी मारलं तरी शांत. टेन्शनरचा हात जवळजवळ स्थिर. दिवे आणि एसी लावून बॅटरीवर १४.२ व्होल्ट. मामांबरोबर पिरनवाडीवरून जांबोटीपर्यंत जाऊन आलो. परत येऊन बघितलं तर रेघ सरळ, पावडर कोरडी.

पहिल्या हजार किलोमीटरनंतर त्यांना बोलावलं होतं, ते गणपती झाल्यावर आले. दिवाळीच्या आधी पुन्हा आले, तोवर गाडी ११ हजार किलोमीटर चालली होती, बहुतेक घाटातच. बेल्ट काढून टेबलावर उलटा ठेवला. दोन्ही कडा सारख्या, रिबच्या दोन्ही बाजू सारख्याच मळकट. मामांनी स्वतः एकेक रिब दाबून पाहिली आणि वासही घेतला.

अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगची सळसळ मात्र थोडी वाढली आहे. कुणाला ऐकू येणार नाही, पण स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला की येते. मार्चमध्ये भाड्यांची गर्दी नसते, तेव्हा ते बदलायचं ठरलंय. जुनी पुली मी गॅरेजच्या दारात खिळ्याला अडकवली आहे, हबवरची अर्धी रेघ आणि कड्यावरची अर्धी रेघ दोन बोटं लांब, तशीच. नवीन पोरगं कामाला आलं की आधी त्याच्या हातात सरळपट्टी देतो आणि सांगतो, या पुलीवर ती कुठे टेकवायची ते दाखव.